रेंजफाइंडर कॅमेऱ्यात कोणत्या डोळ्याने पाहावं?

शक्यतो उजव्या. रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहून, दोन प्रतिमा जुळवत फोकस करायचा कॅमेरा. लायकासारख्या रेंजफाइंडरची ही खिडकी डाव्या टोकाला असते. उजवा डोळा लावला की डावा कॅमेऱ्याबाहेर मोकळा राहतो. तो उघडाच ठेवा. चौकटीत शिरणारा माणूस आधीच दिसतो, आणि हीच या कॅमेऱ्याची खरी मजा! १९५४च्या लायका एम३मध्ये प्रतिमा नुसत्या डोळ्याला दिसते त्याच्या ०.९१ पट दिसते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांतली दृश्यं जवळजवळ जुळतात, फोटोची हद्द दाखवणारी चमकती चौकट हवेत तरंगल्यासारखी वाटते. ०.७२ पटीच्या फाइंडरमध्ये तेवढं जमत नाही.

डावा डोळा प्रबळ असेल तर बिनधास्त तोच वापरा. मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा ज्या डोळ्याने नीट जुळतात, तो आपला डोळा. फक्त नाक मागच्या बाजूला टेकतं, आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका बाहेर काढलेला असेल तर उजवा डोळा सांभाळा.