बंद कप्प्यातून निघालेली ती दुसरीच माशी

तुमचा प्रश्न असा, की गांधीलमाशीच्या कागदी पोळ्यातल्या बंद कप्प्यातून लांब मिशांची, सडपातळ, निराळीच माशी बाहेर पडली. ही राणी आहे का?

नाही. कागदी गांधीलमाश्यांत राणी आणि कामकरी दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. वर्णनावरून ही इक्न्यूमोनिड कुळातली, म्हणजे दुसऱ्या किड्यांच्या अळ्यांवर-कोषांवर पोसणाऱ्या परजीवी माश्यांपैकी वाटते. ही उवेसारखी परजीवी नाही. ऊ माणसाला जिवंत ठेवते, ही यजमानाला संपवूनच मोठी होते. त्या कप्प्यातली मूळ अळी किंवा कोष तिच्या पोटात गेला.

डंख मारणाऱ्यांच्या घरात ती शिरते कशी? पोळं नवं असताना बहुधा एकटी मादीच सगळं बघते. सुरवंट आणायला, पोळ्यासाठी लाकडाचे तंतू खरवडायला तिला बाहेर जावंच लागतं आणि तेवढा वेळ अळ्या उघड्या पडतात. पोळ्याच्या देठाला तिने मुंग्यांना नकोसा स्राव फासलेला असतो, पण उडत येणारीला देठाशी काय काम? पोळ्यावर माणसं वाढली, म्हणजे कामकरी आल्या, की राखण बरीच सुधारते. कीटकांच्या अभ्यासक मेरी जेन वेस्ट-एबरहार्ड यांनी १९६९ साली पोलिस्टिस फस्केटस या कागदी गांधीलमाशीच्या जातीत एक खास इशारा नोंदवला: असा परजीवी दिसला की माश्या तुटक धावतात, मध्येच पंख फडकवतात, आणि ती अस्वस्थता पोळंभर पसरते. तुमच्या पोळ्यावर असं काही दिसलं होतं का, जरा आठवून बघा.

पण मला स्वतःला सगळ्यात थक्क करणारी वाट ट्रायगोनॅलिड या परजीवी माश्यांच्या दुसऱ्या एका कुळाची वाटते. यांची मादी पोळ्याच्या जवळही जात नाही. ती पानांवर हजारो बारीक अंडी घालते. पानाबरोबर ती सुरवंटाच्या पोटात जातात. गांधीलमाशी तोच सुरवंट मारते, चावून त्याचा गोळा करते आणि आपल्या अळीला भरवते. म्हणजे शत्रू घरात येतो तो घासातून, तोही सांभाळणारीच्याच तोंडून! याच कुळातल्या सेमिनोटा प्रजातीच्या माश्या अमेरिका खंडातल्या कागदी गांधीलमाश्यांच्या पोळ्यांतून निघालेल्या आहेत.

आता तुमच्या पोळ्याकडे. कप्प्यांच्या आत बघितल्याशिवाय ओळख पक्की समजू नका. एकाच कप्प्यात मधोमध काळपट पडदा आणि टोपणाला बारीक भोक असेल, तर एलाझ्मस या आणखी एका परजीवी माशीचा संशय घ्या. या माश्या जेमतेम काही मिलिमीटरच्या असतात. त्यांच्या अळ्या एकाच कोषावर घोळक्याने पोसतात आणि तो पडदा त्यांच्या विष्ठेचा असतो. कप्प्यांतून रेशमी जाळी पसरलेली दिसली तर तो बहुतेक पतंगाचा उद्योग, माशीचा नाही.

पोळं जिवंत असेल तर हात लावू नका. माश्या सोडून गेल्या असतील तर बंद टोपणं न फोडता ते बरणीत ठेवा आणि तोंडाला मलमल बांधा. बरणी उन्हात नको, आतला ओलावा साचून बुरशी येते. जे निघेल त्याचा बाजूने, मिशा आणि कंबर दिसेल असा फोटो काढा. रिकाम्या कप्प्याचाही एक फोटो द्या, मला तो जास्त हवा आहे.