इंजिन पाणी मारत नाही? हेड खोलण्याआधी खालून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होमस्टेसाठी जुनी फायबर होडी आणि 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून टांगायचं) घेतलंत. दहा मिनिटं चालवलं की मागून येणारी पाण्याची धार बारीक होते, इंजिन तापतं आणि दम सोडतं. एका मेकॅनिकने सांगितलं की हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलून बोरिंग करावं लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करावा लागेल. ते खरं आहे का, आणि सिंधुदुर्गात चांगला मेकॅनिक कुठे शोधायचा?

आधी एक विनंती. हेड खोलू देऊ नका, निदान अजून तरी नको. आमच्या घरी मासेमारीची आणि नंतर पर्यटकांची, अशी मिळून वीसेक वर्षं आऊटबोर्ड इंजिनं वापरात आहेत. तापणाऱ्या इंजिनाचं मूळ दुखणं बहुतेक वेळा हेडमध्ये नसतं, खाली पाण्यात बुडलेल्या पायात असतं, हे मी नुकसान सोसून शिकलो आहे.

या इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नसतो. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या अंगाला जाळी असते, तिथून समुद्राचं पाणी आत शिरतं. आतल्या उभ्या शाफ्टवर एक रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं छोटं चाक, फिरत असतो, तो पाणी ओढून तांब्याच्या नळीतून वर ढकलतो. ते पाणी सिलिंडरभोवती फिरतं, थर्मोस्टॅटमधून (पाणी तापलं की उघडणारी झडप) जातं आणि धुराबरोबर खाली समुद्रातच पडतं. त्यातला थोडासा भाग तेवढा बाजूच्या भोकातून बाहेर येतो, तीच तुम्हाला दिसणारी धार. म्हणजे धार बारीक झाली तर दोन शक्यता आहेत: एक तर वर पाणीच कमी पोचतंय, नाहीतर पाणी भरपूर आहे पण ते भोकच तुंबलंय. दुसरी शक्यता आधी तपासा, तिला पैसे लागत नाहीत.

इंजिन बंद करून जाड तंगूस घ्या, मासे गरवायचा असतो तोच, आणि धारेच्या भोकातून हळूहळू आत सरकवा. तार वापरू नका, आतली रबरी नळी फाटते. बऱ्याचदा मिठाचा खडा किंवा वाळूचे कण निघतात. तरी फरक पडला नाही तर झाकण काढून त्या भोकाकडे येणारी नळी आतल्या बाजूने सोडा आणि इंजिन पाण्यात ठेवून क्षणभर चालू करा. नळीतून जोरात पाणी आलं तर फक्त तोंड तुंबलं होतं. पण तुमचं इंजिन खरोखर तापतंय आणि ताकदही सोडतंय, त्यामुळे मला वाटतं तुम्हाला खाली उतरावंच लागेल.

त्याआधी होडी आणि इंजिन एकमेकांना साजेसं आहे ना, ते बघा. जुन्या खरेदीत ही चूक सर्रास होते. शाफ्ट साधारण 15 इंची आणि 20 इंची अशा दोन लांबीत येतो. उंच ट्रान्समच्या (इंजिन जिथे अडकवतात ती मागची फळी) होडीवर आखूड शाफ्टचं इंजिन बसवलं, तर वेग घेताना जाळी पाण्याच्या वर येते आणि पंप हवा ओढतो. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. माणसं पुढच्या टोकाला बसली की मागची बाजू उचलली जाते, तेव्हा तर हा त्रास हमखास होतो. सोबत जाळीही बघा. आमच्या खाडीत प्लास्टिकची पिशवी जाळीवर चिकटणं हे रोजचं झालंय. चालता चालता अचानक धार गेली तर लगेच इंजिन बंद करून पाय वर उचला आणि जाळी बघा. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी मात्र कधीच ओतू नका, धातूला तडा जातो.

आता मुख्य संशयित, इम्पेलर. हळू चालवताना धार मरतुकडी आणि रेस दिल्यावर जरा बरी, असं असेल तर इम्पेलरची पाती झिजली आहेत असं समजा. हळू चालताना ही पाती डब्याच्या भिंतीला घासूनच पाणी ढकलत असतात. रबर कडक झालं, पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली, की हा दाब बसत नाही. उलट हळू चालताना धार चांगली आणि वेगात कमी होत असेल, तर जाळी, शाफ्टची लांबी किंवा वरचा मार्ग तपासा. इम्पेलर स्वस्त असतो आणि समुद्रात रोज चालणाऱ्या इंजिनाला तो दरवर्षी बदलावा. जुन्या मालकाने इंजिन किनाऱ्यावर पाण्याशिवाय चालू करून दाखवलं होतं का, आठवून बघा. पाण्यावाचून काही सेकंद फिरला तरी इम्पेलर जळायला लागतो, मिनिटभरात तो कामातून जातो. "बघा, एका दोरीत चालू होतं" म्हणत विकणारे लोक इथेच घात करतात.

हे काम स्वतः करता येतं. आधी स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, नाहीतर पंखा हाताने फिरवताना इंजिन चालू होऊ शकतं. मग खालचा पाय धरून ठेवणारे बोल्ट सोडवा. काही मॉडेलांत एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या पट्टीखाली लपलेला असतो, तो विसरलात तर पाय सुटत नाही आणि माणूस हातोडी शोधायला लागतो. गिअरची दांडीही सोडवावी लागते. खाऱ्या पाण्याने बोल्ट धरलेले असतील तर जबरदस्ती करू नका. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. अॅल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट तुटला की खर्च फार वाढतो, आणि तेवढ्या एका कामासाठी मेकॅनिक बोलावणं शहाणपणाचं.

पाय खाली आला की पंपाचं झाकण दिसेल. आत इम्पेलर, त्याला शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी आणि खाली स्टीलची पट्टी असते. पट्टीवर बोटाचं नख फिरवा. खोल चरे लागले तर नुसता इम्पेलर बदलून उपयोग नाही, पंपाचा पूर्ण संच घ्या. नवीन बसवताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत झाकण खाली दाबा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. आणि पाय परत चढवताना तांब्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात नीट शिरलीय याची खात्री करा. ती बाजूला बसली तर नवा इम्पेलर घालूनही थेंब वर जाणार नाही.

इथे माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या इंजिनाची अशीच धार गेली. इम्पेलर काढला, तीन पाती तुटलेली होती. नवीन घातला, धार आली, मी खूश. पंधरा दिवसांनी कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, देवबागच्या टोकाशी, सहा पर्यटक होडीत असताना इंजिनातून वाफ यायला लागली. ओहोटी लागली होती, पाणी बाहेर ओढत होतं. दुसऱ्या एका होडीने दोर टाकून आम्हाला आत आणलं. त्या पर्यटकांमधली एक लहान मुलगी आईला घट्ट धरून बसली होती, तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

दुसऱ्या दिवशी मालवणातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी हेडला हातही लावला नाही. "पाणी खय जाता ता आधी बघ, मगे पानो हातात घे," म्हणाले. तांब्याच्या नळीत खालून हवा मारली, वरचं वळण सोडवलं, आणि तिथून रबराचे दोन काळे तुकडे निघाले. मग त्यांनी जुना इम्पेलर वर्तमानपत्रावर ठेवला आणि तुकडे एकेका तुटलेल्या पात्याला जुळवून लावले. दोन जुळले, तिसरी जागा रिकामी. तो तिसरा तुकडा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी सापडेपर्यंत आबांनी उघडलेलं इंजिन परत जोडलं नाही. तुमचा इम्पेलर निघाला की हेच करा. पाती तुटलेली असतील तर सगळे तुकडे जुळल्याशिवाय काम संपलं असं मानू नका.

थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने आत लोंबकळत ठेवा आणि पाणी तापवा. या इंजिनांचे थर्मोस्टॅट साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपास उघडतात. पाणी उकळायला आलं तरी उघडला नाही तर बदला. गाडीचा बसवू नका, तो बराच उशिरा उघडतो.

आता बोरिंगचं. तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं पूर्ण चुकीचं असेलच असं नाही. इंजिन अनेकदा तापलं असेल तर पिस्टनला चरे पडलेले असू शकतात. पण ते न उघडता कळतं. प्लगच्या जागी कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं घड्याळ, लावून दोरी ओढायची. सगळ्या सिलिंडरचे आकडे चांगले आणि जवळपास सारखे आले तर बोरिंगचा विषय सोडा. एखादा बराच खाली आला, किंवा सगळेच कमी आले, तर मग हेड खोलावं लागेल. आणि तेव्हाही पाण्याचा मार्ग आधी दुरुस्त व्हायला हवा, नाहीतर नवा पिस्टनही त्याच उष्णतेत जळेल. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल कमी पडत असेल तरी इंजिन तापतं. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत 50 ला 1 असेल तर एका लिटरला 20 मिलिलिटर, मोजून घाला, अंदाजाने नको.

मेकॅनिक शोधायला दुकानांच्या पाट्या बघत फिरू नका. सकाळी होड्या लागतात तेव्हा जेटीवर जा. मालवण, सर्जेकोट, देवगड, वेंगुर्ले, निवती, जिथे तुम्हाला जवळ पडेल तिथे. जुनं इंजिन अजून धडधाकट चालवणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, शोधा आणि त्याला विचारा, "तुमचं इंजिन कोण बघतो?" दोन-तीन जणांकडून एकच नाव आलं की तो माणूस तुमचा. मच्छीमार सोसायटीतही विचारा. तारकर्ली-देवबागला स्कूबा आणि डॉल्फिन फेऱ्यांच्या होड्या दिवसभर आऊटबोर्डवर चालतात, त्यामुळे त्यांना इंजिन बंद ठेवणं परवडत नाही, त्यांचे मिस्त्री सहसा हुशार असतात. मोटारसायकलचा मेकॅनिक कार्बोरेटर छान करेल, पण खालच्या पायाची सवय नसेल तर सील आणि नळीत चुकतो. मोठ्या ट्रॉलरची डिझेल इंजिनं करणाऱ्यांचंही तेच.

वेळही बघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जुलैच्या शेवटी सगळे एकदम इंजिनं घेऊन येतात, तेव्हा कुणालाच निवांत वेळ नसतो. जूनच्या मध्यावर गेलात तर मिस्त्री तुम्हाला शेजारी बसवून दाखवेल. इंजिनाच्या ब्रॅकेटवरची मॉडेल नंबरची पट्टी फोनमध्ये फोटो काढून न्या, म्हणजे इम्पेलर चुकीचा येणार नाही.

तो पहिला प्रश्न कुठला विचारतो त्यावरून माणूस ओळखा. "धार कशी येते? इम्पेलर कधी बदलला?" असं विचारणाऱ्यावर भरवसा ठेवा. बघण्याआधीच हजारांचा आकडा सांगणाऱ्याला नम्रपणे "बघू, कळवतो" म्हणा. काढलेले सगळे जुने भाग परत मागा आणि पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिन चालवून दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गिअर ऑइलही बघायला सांगा. ते दुधाळ झालं असेल तर सीलमधून पाणी शिरतंय.

यापुढे प्रत्येक दिवसाच्या शेवटी इंजिन दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यात चालवा. ड्रम नसेल तर जाळीवर बसणाऱ्या रबरी वाट्या मिळतात, त्यांना नळाचा पाइप लागतो. आधी पाणी सोडायचं, मगच दोरी ओढायची.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्याच दिवशी पर्यटक घेऊन समुद्रात जाऊ नका. एक माणूस सोबत, वल्हं, नांगर आणि लाइफ जॅकेट होडीत ठेवून भरतीच्या वेळी खाडीतच काठाकाठाने अर्धा तास फिरा. पाच मिनिटं हळू, पाच मिनिटं वेगात, आणि प्रत्येक वेळी धारेखाली हात धरा. पाणी कोमट लागलं, हात भाजला नाही आणि धार शेवटपर्यंत तशीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी लोकांना घ्या.