घड्याळ म्हणतं ६२, अंगठी म्हणते ३८

वाचकांचे प्रश्न : एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार

प्रश्न : हाफ मॅरेथॉनचा सराव चालू आहे. मनगटावर अ‍ॅपल वॉच आणि बोटात ओरा अंगठी असते. एकाच दिवशी हेल्थ अ‍ॅप एचआरव्ही ६२ दाखवतं आणि ओरा ३८. यातलं कोणतं चुकतंय?
– एक धावपटू, ठाणे

उत्तर : बहुधा कोणतंच नाही. दोन वेगळ्या मापांना एकच नाव मिळालंय, घोटाळा तिथे आहे. अ‍ॅपलचं हेल्थ अ‍ॅप ‘एसडीएनएन’ देतं, म्हणजे ठोक्यांमधली अंतरं त्यांच्या सरासरीभोवती किती पसरलीत ते. ओरा, गार्मिन, फिटबिट आणि व्हूप ‘आरएमएसएसडी’ देतात, म्हणजे प्रत्येक अंतर त्याच्या लगेच आधीच्या अंतरापेक्षा किती वेगळं आहे ते. दोन्हींचं एकक मिलिसेकंदच, त्यामुळे आकडे शेजारी ठेवायचा मोह होतो.

कागदावर करून पाहा. पाच अंतरं घ्या : ८५०, ८९०, ८४०, ९१०, ८६०. सरासरी ८७०, एसडीएनएन सुमारे २९. लागोपाठचे फरक ४०, ५०, ७०, ५०. त्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं की आरएमएसएसडी येतो सुमारे ५४. आता दुसरी पाच अंतरं : ८००, ८२०, ८४०, ८६०, ८८०. इथे हृदय हळूहळू संथ होत चाललंय. प्रत्येक फरक २०, म्हणून आरएमएसएसडी २०. एसडीएनएन मात्र जवळपास ३२. म्हणजे एका मापात पहिला नमुना जास्त, तर दुसऱ्या मापात दुसरा. त्यामुळे ‘इतक्याने गुणा की हे त्यात बदलेल’ असा गुणक निघत नाही. कोणी तसा तक्ता दिला तर त्यावर विसंबू नका.

दुसरा फरक वेळेचा. अ‍ॅपल वॉच दिवसरात्रीत अधूनमधून, तुम्ही स्थिर आहात असं वाटलं की, साधारण मिनिटभराचा नमुना घेतं. त्यात दुपारच्या मीटिंगमधला असेल, लोकलमध्ये बसल्यावरचा असेल. ओरा झोपेतले पाच-पाच मिनिटांचे तुकडे मोजून रात्रीची सरासरी देते. पोलर घड्याळाचं ‘नाइटली रिचार्ज’ झोप लागल्यावर सुमारे अर्ध्या तासाने सुरू होणारे चार तासच धरतं. गार्मिन सगळी झोप धरतं. म्हणून रात्री उशिरा जेवण किंवा मद्य झालं, तर पहिले चार तास आणि पूर्ण रात्र यांचे आकडे आरएमएसएसडी असूनही वेगळे येतात. पहाटेपर्यंत शरीर बरंच सावरलेलं असतं.

तिसरा फरक सेन्सरचा. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो. त्यातलं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं. घड्याळाचा प्रकाश मनगटात पोचलेली रक्ताची लाट पाहतो आणि त्या लाटेचा माथा गोलसर असतो, म्हणून ठोक्याची नेमकी वेळ थोडी इकडेतिकडे होते. ही चूक प्रत्येक ठोक्याला ५ मिलिसेकंद धरली, तर खरा आरएमएसएसडी ६० असलेल्याचा आकडा ६१ दिसेल. पण खरा २० असलेल्याचा २३ ते २४ दिसेल. ज्यांचा आकडा मुळात कमी, त्यांना ही चूक अधिक जाणवते. घड्याळाचा पट्टा सैल असेल, हात गार असतील किंवा सेन्सरखाली गडद गोंदण असेल, तर चूक आणखी वाढते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधा.

खरी तुलना करायचीच असेल, तर एकाच वेळेचे ठोके आणि एकच सूत्र हवं. पोलर एच१०सारखा छातीचा पट्टा घ्या आणि त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करा. कोरडा पट्टा सुरुवातीला ठोके गाळतो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, उताणं पडा. दोन मिनिटं तसेच राहा, मग ठोक्यांची अंतरं साठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये नोंद सुरू करा. त्याच वेळी घड्याळात ‘माइंडफुलनेस’चं एक मिनिटाचं सत्र लावा, म्हणजे एचआरव्हीची नोंद होते. मात्र ‘ब्रीद’ नको, ‘रिफ्लेक्ट’ घ्या, आणि श्वास नेहमीसारखा ठेवा. ठरवून संथ श्वास घेतला की एसडीएनएन फुगतो. नंतर हेल्थ अ‍ॅपमध्ये ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’ शोधून ‘शो ऑल डेटा’मधली ती नोंद उघडा. पट्ट्याच्या फाइलमधलं तेवढंच मिनिट क्युबिओससारख्या सॉफ्टवेअरमध्ये कापून त्याचा एसडीएनएन काढा. असं सलग पाच सकाळी केलंत की घड्याळ किती विश्वासाचं आहे ते कळेल. एकाच सकाळच्या नोंदीवर निकाल लावू नका.

प्रश्न : दोन्ही अ‍ॅपसाठी छातीचा एकच पट्टा वापरते. एलिट एचआरव्ही अ‍ॅप ६१ दाखवतं, एचआरव्हीफोरट्रेनिंग ८. एवढा फरक?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : फरक नाहीच. दोन्ही अ‍ॅप आरएमएसएसडीचा नैसर्गिक लॉग (लॉगॅरिदम) घेतात आणि आपापल्या पट्टीवर बसवतात. समजा तुमचा आरएमएसएसडी ५४ आहे. त्याचा लॉग ३.९९. एलिट त्याला ६.५ ने भागून १०० ने गुणतं : ६१. दुसरं अ‍ॅप दुप्पट करून ‘रिकव्हरी पॉइंट्स’ देतं : ८. दोन्हींत मूळ आरएमएसएसडीही पाहायला मिळतो. वहीत तोच लिहा. लॉगच्या पट्टीवर मोठे बदल लहान दिसतात, हेही ध्यानात असू द्या. एलिटमध्ये ६१ चा ५५ झाला, तर आरएमएसएसडी ५४ वरून जवळपास ३६ वर आलेला असतो.

प्रश्न : यजमानांचा आकडा ७०, माझा ३२. एकाच कंपनीची घड्याळं आहेत. काळजी करू का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : केवळ या फरकावरून नको. वय, व्यायामाची सवय, अनुवंश यांमुळे दोन निरोगी माणसांत दुप्पट फरक सहज असतो. तुमचा ३२ आणि तुमचाच गेल्या महिन्यातला आकडा, एवढीच तुलना कामाची.

प्रश्न : वय ५८. रोज सकाळी मिनिटभर मोजतो, आरएमएसएसडी ३० च्या आसपास असतो. परवा एकदम ९० आला. तब्येत सुधारली म्हणायची का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असा एकदिवसाचा उडालेला आकडा सुधारणेचा समजू नका. बहुतेकदा त्यामागे एखादा अवेळी पडलेला ठोका असतो. अंतर ८७० चालू असताना मध्येच ५८० आलं आणि त्याची भरपाई म्हणून पुढचं ११६० झालं, तर फरक २९०, ५८०, २९० असे पडतात. मिनिटभराच्या ७० अंतरांत एवढं एकदाच झालं तरी ३० चा ९० होतो. पाच मिनिटं मोजलं तर हाच धक्का बराच विरतो. म्हणून तुमच्या वयाला मिनिटभराची मोजणी सोडून पाच मिनिटांची धरा आणि ठोके दुरुस्त करणारं अ‍ॅप वापरा. दुरुस्त ठोके पाच टक्क्यांहून जास्त असतील तर ती नोंद बाद करा.

असे उडालेले आकडे वारंवार येऊ लागले, किंवा धडधड, चक्कर, दम लागणं सोबत असेल, तर मोजणी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयविकारात ठोके मुळातच अनियमित असतात. तिथे एचआरव्ही उंच दिसतो आणि त्याला काही अर्थ नसतो. पेसमेकर असेल तरीही तसंच. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी नवीन सुरू झाली असेल, तर आधीचे आकडे जुळवू नका.

प्रश्न : चार वर्षं फिटबिट वापरला, आता गार्मिन घेतलंय. जुन्या नोंदी वाया गेल्या का?
– एक सायकलपटू, पुणे

उत्तर : जुना बँड इतक्यात कपाटात टाकू नका. चार आठवडे दोन्ही घालून झोपा, वेगवेगळ्या हातांवर. दोन्ही झोपेतला आरएमएसएसडी देतात, म्हणून निदान सूत्र एक आहे. फिटबिटला आकडा द्यायला तीन तासांहून जास्त सलग झोप हवी असते आणि गार्मिन तुमची पातळी ठरवायला तीन आठवडे घेतं, म्हणून चार आठवडे.

दोन रकान्यांत रोजचे आकडे लिहा, प्रत्येकाची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढा; एक्सेलमध्ये ‘एव्हरेज’ आणि ‘एसटीडीइव्ही’ पुरतं. समजा जुन्याची सरासरी ४२, विचलन ८. नव्याची ५१ आणि ९. एका सकाळी जुना ३४ आणि नवं ४२ म्हणालं, तर आकडे वेगळे दिसले तरी दोन्ही आपापल्या सरासरीखाली बरोबर एक विचलन आहेत, म्हणजे एकच सांगताहेत. जुन्या वह्याही अशाच विचलनात वाचा. ‘कोरल’ सूत्राने दोन रकान्यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही आकडे किती एकत्र वरखाली होतात ते काढा. ०.८ च्या वर आला तर मालिका जोडायला हरकत नाही. ०.५ च्या खाली राहिला, तर ज्या रात्री आकडे विरुद्ध दिशांना गेले त्या रात्रींची झोपेची वेळ दोन्ही अ‍ॅपमध्ये तपासा. एकाने रात्री साडेदहाचं टीव्हीसमोरचं पडून राहणंही झोपेत धरलेलं असू शकतं. त्या रात्री वगळून सहसंबंध पुन्हा काढा.