फ्रेमला ग्राइंडर लावण्याआधी नंबर शोधा

जुन्या फोर्डवर नवं इंजिन आणि सस्पेन्शन कसं बसवायचं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि गॅरेजमध्ये जाऊन माझ्या गाडीच्या फ्रेमच्या, म्हणजे पोलादी सांगाड्याच्या, डाव्या रेलवर (लांब तुळईवर) हात फिरवून आलो. तुमची गाडी म्हणजे अमेरिकेत इंडियानातल्या एका शेतावरच्या कोठारातून घेतलेली १९४० ची दोन दारांची फोर्ड कूपे, तिचं जाम झालेलं मूळ फ्लॅटहेड इंजिन, त्याच्या जागी शेवरलेचं ३५० इंजिन, पुढे फोर्डच्याच मस्टँग-टू गाडीच्या धर्तीचं सस्पेन्शन. बारा वर्षांपूर्वी माझा बेत अगदी हाच होता. पण तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, की टायटलवरचा (गाडीच्या मालकीच्या कागदावरचा) ‘इंजिन नंबर’ इंजिनावर सापडत नाही, ते नंतर बघू, पुढच्या आठवड्यात फ्रेम सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढायला, जातेय. कृपा करून पाठवू नका. इंजिन-गिअरबॉक्सबद्दल सांगणारे इथे पुष्कळ आहेत, मी त्यात शिरत नाही. मला या एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय.

इंजिनावर नंबर सापडत नाही, कारण तो तिथे नसतोच. त्या काळात फोर्ड कारखान्यात नंबर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या पुढच्या भागावर वरून ठोकत आणि तोच नंबर फ्रेमच्या डाव्या रेलवर. कागदावर मात्र त्याला ‘इंजिन नंबर’ म्हणत, आणि अनेक राज्यांनी टायटल त्याच नंबरावर दिली. पुढे ऐंशी वर्षांत कुणीतरी गिअरबॉक्स बदलला की तो पुरावा गेला. उरते फक्त फ्रेम. रेलच्या वरच्या अंगाला, स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास बघा. ८५ अश्वशक्तीच्या गाडीला आधी १८, मग रेघ, मग सात आकडे, आणि दोन्ही टोकांना एकेक चांदणी. साध्या डोळ्यांना बहुधा दिसणार नाही. वायर ब्रशने मळ काढा, टॉर्च आडवा धरा म्हणजे सावली पडते, आणि वर खडू घासा.

मी हे केलं नाही. नव्या सस्पेन्शनचा क्रॉसमेंबर (दोन रेल जोडणारा आडवा तुकडा) बसवायचा म्हणून पुढचे फेंडर उतरवले, रेल आतून बंद करायला पट्ट्या वेल्ड केल्या, आणि सगळं गुळगुळीत दिसावं म्हणून रेलची वरची बाजू पुढून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत) ग्राइंडरने घासून काढली. फोटो नाही, कागदावर पेन्सिल घासून छाप घेतलेला नाही. वर जाड प्रायमर. त्या दिवशी मला काम किती सफाईदार झालं याचाच आनंद होता. आणि टायटल? ते विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावरच फाइलमध्ये पडलेलं. गाडी पूर्ण झाली की नावावर करू, असं मी ठरवून टाकलं होतं. खरं तर ते पैसे दिले त्याच आठवड्यात करायचं काम.

तीन वर्षांनी गाडी चालू झाली आणि मी कागद घेऊन आमच्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात गेलो. कुठलं, ते लिहीत नाही. पहिल्या खिडकीवर सांगितलं, नंबर सतरा आकडी हवा, कॉम्प्युटर एवढा लहान नंबर घेत नाही. सतरा आकडी नंबर १९८१ पासून सुरू झाले, ही १९४० ची गाडी आहे, हे मी तीन वेळा सांगितलं. दुसऱ्या खिडकीवर तपासणीची तारीख दिली. तपासणीला आलेल्या माणसाने फ्रेम बघितली, नंबर नाही म्हणाला, आणि निघून गेला. मग पत्र आलं, की गाडी ‘नव्याने जुळवलेली’ या वर्गात घाला. म्हणजे कागदावर ती १९४० ची नाही, चालू वर्षाची! धुराचे नियमही चालू वर्षाचे. आमच्या राज्यात १९४९ च्या आधीच्या गाडीला स्ट्रीट रॉड, म्हणजे बदल करून रस्त्यावर चालवायची जुनी गाडी, म्हणून नोंदवायची सोय आहे, पण त्यासाठी गाडी त्या काळची आहे हे दाखवायला लागतो नंबरच. प्रत्येक फेरीला नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. यात चौदा महिने गेले. लागोपाठ दोन वर्षं ऑगस्टमध्ये लुईव्हिलच्या स्ट्रीट रॉड नॅशनल्सला, अशा गाड्यांच्या मोठ्या मेळाव्याला, मी गाडीशिवाय गेलो. मुलगी विचारायची, बाबा, आपली गाडी कधी येणार? तिला काय सांगणार!

याच काळात एका ओळखीच्या माणसाने सुचवलं, टायटलवरचा नंबर आहेच, आकडे उमटवायच्या ठोक्यांचा संच आण आणि फ्रेमवर ठोकून टाक, कुणाला कळतंय. हे अजिबात करू नका. नंबर पुसणं, बदलणं हा इथे अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. चुकून घासला जाणं वेगळं, हाताने नवा ठोकणं वेगळं.

शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने विचारलं, “बॉडी उचलून बघितलीस का?” फोर्ड तोच नंबर डाव्या रेलवर पुढे मागे आणखी ठिकाणीही ठोकत असे, बॉडीखाली झाकला जाईल असा. हे मला ठाऊकच नव्हतं. डाव्या बाजूचे बॉडीचे बोल्ट काढले, उजवीकडचे ढिले केले, लाकडाच्या फळीवर जॅक लावून डावी बाजू दोन इंच उचलली. बॉडी आणि फ्रेमच्या मधल्या जुन्या पट्टीचा चुरा बोटाने काढला. आधी चांदणी दिसली, मग एक, मग आठ. टायटल हातात धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला, सगळे जुळले. बॉडी तशीच जॅकवर ठेवून तपासणीवाल्याला घरी बोलावलं. पाच मिनिटांत सही झाली.

म्हणून तुमच्या फ्रेमबद्दल जास्त काळजी वाटते. मी फक्त पुढचा भाग घासला होता, तुमची तर अख्खी फ्रेम उघडी होणार. हलक्या ब्लास्टिंगने ठोकलेला नंबर सहसा जात नाही, पण नंतर तो ग्राइंडर, पुट्टी आणि जाड पावडर कोटिंगखाली जातो. सगळ्या जागा आधी शोधा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, छाप घ्या, ब्लास्टिंग करणाऱ्या दुकानदाराला त्या जागा लेखी द्या. आणि नंबर टायटलशी जुळला नाही तर एक पैसाही पुढे घालू नका. मी वकील नाही, राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, तेव्हा तुमच्या राज्याचं स्वतः तपासा. पण टायटल आधी, वेल्डिंग मग, यावर माझं मत कुणी बदलू शकणार नाही.

आता लिहितोच आहे तर दोन गोष्टी. बॉडीचा तळ कापायचा असेल तर आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करा, नाहीतर बॉडी खचते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. दुसरं, ब्रेकचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा पंप) मूळ जागी, पायाखालीच ठेवणार असाल तर तो चाकाजवळच्या कॅलिपरपेक्षा (डिस्क पकडणाऱ्या भागापेक्षा) खाली येतो आणि तेल मागे उतरतं. डिस्कच्या लाइनला २ पीएसआय आणि ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावा, तो लाइनमध्ये थोडा दाब टिकवून धरतो. पेडल पहिल्या दाबात तळाला जात असेल तर हेही एक कारण असू शकतं.

नंबर सापडला की इथे फोटो टाका. फक्त शेवटचे तीन आकडे झाका, जुन्या फोर्डचे नंबर चोरून खोटी टायटल बनवणारे लोक आहेत.