माझा भाऊ दृष्टिहीन आहे. फोंड्यात घरी राहून इग्नूचं बीए ऑनलाइन झेपेल का?

हो, झेपेल, अडचण अभ्यासापेक्षा फायलींचीच जास्त येईल. म्हापशात अशा मुलांची लेखनिक म्हणून (ती सांगतील ते उत्तर लिहायला) मी परीक्षेला बसते, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे आणि मराठीही वाचतो (आवाज यंत्राचा, पण कान सरावतो). पण पुस्तक नुसतं स्कॅन करून पीडीएफ केलेलं असेल तर तो गप्प, कारण त्याच्या लेखी ते पान म्हणजे फोटो. म्हणून प्रवेशाआधीच एक धडा डाउनलोड करून घ्या आणि त्यातली ओळ माउसने निवडता येते का बघा. येत नसेल तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, करावं लागेल, आणि त्यात मराठी जोडाक्षरं बऱ्याचदा चुकतात. 'सुगम्य पुस्तकालय' या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातही पुस्तकं शोधा. सत्रांत परीक्षा मात्र घरून नाही, केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक मिळतो, शिवाय केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे तासामागे किमान 20 मिनिटं जादा. लेखनिकाचा अर्ज वेळेत द्या, आयत्या वेळी धावपळ होते.