मिनीबाईकच्या इंजिनच्या शाफ्टवर नवीन क्लच अर्ध्यावर अडकत असेल, तर तो ठोकून बसवावा का?

आपल्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती अशी आहे. जुळे सोलापुरात आपल्या मुलाने १९६ सीसीच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनावर मिनीबाईक तयार केली आहे. तिचा सेंट्रिफ्यूगल (इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) क्लच जळाला. ऑनलाइन मागवलेल्या नव्या क्लचवर ‘पाऊण इंच बोअर, साडेसहा एचपी इंजिनासाठी’ असे लिहिले असूनही (बोअर म्हणजे शाफ्ट ज्यात जातो ते भोक) तो शाफ्टवर बोटभर आत जातो आणि तिथेच अडकतो. ओळखीच्या एका मेकॅनिकने तो गरम करून हातोडीने बसवून देण्याची तयारी दाखवली आहे, आणि तसे करू द्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आहे, अजिबात करू देऊ नये. त्यामागची कारणे आणि त्याऐवजी काय करावे, हे खाली सविस्तर लिहितो. मी यंत्रमागांचे शाफ्ट, पुली आणि चाव्या (शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावेत म्हणून दोघांच्या खाचांत बसणारे चौकोनी तुकडे) बसवण्याच्या कामातला माणूस आहे. यंत्र वेगळे असले तरी शाफ्ट आणि बोअरचा हिशोब तोच असतो.

या प्रकारचा क्लच शाफ्टवर हाताने सरकून बसावा अशाच मापात बनवलेला असतो. तो ठोकला तर प्रत्येक घाव क्रँकशाफ्टमार्फत (हाच इंजिनचा शाफ्ट) आतल्या बॉल बेअरिंगवर आणि ॲल्युमिनियमच्या साइड कव्हरवर जातो. बेअरिंगच्या कड्यावर गोळ्यांचे बारीक खड्डे पडतात, जे त्या दिवशी दिसत नाहीत, पण पुढे इंजिन आवाज करू लागते. गरम करण्याचा तर येथे जवळजवळ काहीच उपयोग नाही. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे (पाऊण इंची) बोअर तब्बल १०० अंशांनी तापवले तरी ते जेमतेम ०.०२ मिलिमीटरने मोठे होईल. एवढ्या लाभासाठी क्लचच्या स्प्रिंगांचा ताण कमी होण्याचा आणि स्प्रॉकेटखालच्या (चेनच्या दातेरी चाकाखालच्या) सच्छिद्र ब्राँझ बुशमधले, म्हणजे शाफ्टभोवतीच्या नळीमधले, तेल बाहेर पडून जळण्याचा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

आता आपण लिहिलेल्या एका तपशिलाकडे वळतो, कारण बरेचसे निदान त्यातच आहे. क्लच ‘बोटभर आत जातो’ असे आपण म्हणता. इंजिनचा शाफ्ट २० मिलिमीटरचा असता, तर १९.०५ मिलिमीटरचे बोअर त्याच्या टोकावरसुद्धा चढले नसते. फार तर टोकाच्या चॅम्फरवर (तिरप्या कापलेल्या कडेवर) टेकून थांबले असते. याचा अर्थ शाफ्टच्या टोकाचे माप बरोबर आहे आणि अडथळा त्याच्या आत कुठेतरी आहे. तो एकतर चावीचा असणार, नाहीतर शाफ्टवर उठलेल्या एखाद्या उंचवट्याचा. या दोन शक्यता वेगळ्या करायला काही मिनिटेही लागत नाहीत. पेट्रोलचा कॉक बंद करावा, स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला ठेवावी, शाफ्टमधली चावी पूर्ण काढून घ्यावी आणि मग चावीशिवाय क्लच सरकवून पाहावा. तो शेवटपर्यंत गेला, तर दोष चावीचा. त्याच जागी अडकला, तर दोष शाफ्टचा किंवा बोअरचा. ही चाचणी होईपर्यंत कोणीही कानस हातात घेऊ नये.

क्लचच्या हबला (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाला) ग्रब स्क्रू, म्हणजे आडवा बसवलेला बिनडोक्याचा स्क्रू असेल, तर तो आधी उलटा फिरवून पुरेसा मागे घ्यावा. काही वेळा त्याचे टोक बोअरमध्ये डोकावत असते आणि उगाच सगळ्यांना कामाला लावते.

माझा पहिला संशय चावीवर आहे. नव्या क्लचच्या बोअरमध्ये टॉर्च मारून पाहावे. चावीची खाच एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार गेली आहे की मध्येच थांबली आहे? अनेक स्वस्त क्लचमध्ये फक्त हबच चावीने शाफ्टला जखडलेला असतो आणि स्प्रॉकेटसह असलेला ड्रम (बाहेरची वाटी) ब्राँझच्या बुशवर सरळ शाफ्टभोवती मोकळा फिरतो. त्या बुशला खाच नसते आणि असूही नये, कारण इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न देता चालू) असताना शाफ्ट फिरत असतो आणि ड्रम थांबलेला असतो. असा क्लच स्प्रॉकेट इंजिनच्या बाजूला ठेवून बसवायचा असेल, तर शाफ्टवर आधी बुश चढते. इंजिनासोबत आलेली लांब चावी खाचेत आत सरकून बसलेली असेल, तर शाफ्टच्या टोकाचा मोकळा भाग संपून चावी सुरू होते नेमक्या त्याच जागी बुश अडते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बोअर घट्ट आहे, पण प्रत्यक्षात गोल भोकातून चौकोनी चावी नेण्याचा प्रयत्न चाललेला असतो. यावरचा उपाय म्हणजे क्लच चावीशिवाय जागेवर न्यावा, हबची खाच आणि शाफ्टची खाच समोरासमोर आणावी आणि हबच्या लांबीएवढीच चावी बाहेरच्या टोकाकडून आत सरकवावी. चावी त्याहून लांब ठेवली तर ती बुशखाली जाईल आणि बुश खरवडून ड्रम जाम करील. मग इंजिन सुरू करताच गाडी आपोआप पुढे निघेल, आणि मुलांच्या वाहनात याहून वाईट दोष नाही.

खाच आरपार असेल आणि तरीही चावी घालताच क्लच अडत असेल, तर चावीचे माप तपासावे. पाऊण इंची शाफ्टला ३/१६ इंचाची, म्हणजे दुकानदाराच्या हिशोबाने दीड सुताची आणि व्हर्निअरवर ४.७६ मिलिमीटरची चौरस चावी लागते. बाजारात सहज मिळते ती ५ मिलिमीटरची, आणि ०.२४ मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. जाडीप्रमाणे उंचीही पाहावी. चावी शाफ्टमध्ये बसवून तिच्या माथ्यापासून शाफ्टच्या विरुद्ध बाजूपर्यंतचे माप साधारण २१.१ मिलिमीटर यायला हवे, आणि क्लचच्या खाचेच्या तळापासून समोरच्या बाजूपर्यंत २१.२५ च्या आसपास. चावीच्या माथ्यावर थोडी फट राहिलीच पाहिजे, कारण चावीने जोर कडेने पेलायचा असतो, माथ्याने नाही.

आणखी एक खोड आहे, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शाफ्टमधली खाच गोल कटरने कापलेली असेल, तर आतल्या टोकाला तिचा तळ वळण घेत वर चढतो. क्लच ढकलताना चावीही त्याच्याबरोबर आत ढकलली जाते, त्या चढावर चढते आणि पाचरीसारखी घट्ट बसते. आपण जितका जोर लावू तितकी ती अधिक आवळते. अशा वेळी चावी त्या चढाच्या अलीकडेच संपेल एवढी कापावी. जे काही घासायचे किंवा कापायचे ते चावीवर करावे, कारण ती सर्वांत स्वस्त आणि पुन्हा करता येणारी वस्तू आहे. शाफ्ट बदलायचा म्हणजे अख्खे इंजिन खोलावे लागते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची कामे करणाऱ्या कोणत्याही टर्नरकडे ब्राइट बारमधून अशी चावी करून मिळेल. जाताना क्लच सोबत न्यावा, तोंडी मापावर काम सांगू नये.

आता दुसरी शक्यता, म्हणजे चावीशिवायही क्लच अडकणे. आपला जुना क्लच झिजला नव्हता, जळाला होता, हे येथे महत्त्वाचे ठरते. क्लच जळतो तेव्हा बुश कोरडी पडून शाफ्टला धरते आणि ब्राँझचा पातळ थर शाफ्टवर चिकटून राहतो. नीट पाहिल्यास तेथे पिवळसर पट्टा, ओरखडे किंवा तापून आलेली निळसर झाक दिसते. जुना क्लच ठोकून किंवा पान्याने उचकटून काढला असेल, तर शाफ्टच्या टोकाला आणि खाचेच्या कडांनाही बर (धातूची उठलेली धारदार कड) आलेली असते. नेमकी जागा शोधण्यासाठी शाफ्टवर पर्मनंट मार्कर सगळीकडे फासावा, क्लच हाताने अडेपर्यंत सरकवून काढून घ्यावा आणि शाई कुठे खरवडली गेली ते पाहावे. जिथे शाई गेली तोच उंचवटा. खाचेच्या कडेची बर बारीक सपाट कानशीने, आणि ब्राँझचा थर एमरी पेपरच्या पट्टीने शाफ्टभोवती फिरवून काढावा. काम सुरू करण्यापूर्वी इंजिनच्या बाजूला ऑइल सीलवर कापड गुंडाळावे, नाहीतर एमरीची पूड सीलच्या ओठाखाली जाऊन तेलाची गळती सुरू होईल. शाफ्टचे मूळ माप कमी करू नये. व्हर्निअरने टोकाला, मध्ये आणि इंजिनजवळ, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोनदा मोजावे, सगळीकडे १९.०५ किंवा त्याहून किंचित कमी असे माप आले की हात थांबवावा. बोअर मात्र व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी मोजताना सावध राहावे, कारण त्या जबड्यांच्या सपाट कडांमुळे लहान भोकाचे माप थोडे कमी दिसते आणि चांगल्या क्लचवर विनाकारण संशय येतो. त्यापेक्षा जुना क्लच शाबूत असेल तर तोच चढवून पाहणे हा चांगला निवाडा आहे. तो सहज जातो आणि नवा जात नाही, तर नव्याच्या बोअरमध्ये बर किंवा रंगाचा थेंब शोधावा, आणि तसे काही न सापडल्यास तो परत पाठवावा.

शाफ्टला मध्ये पायरी असेल, म्हणजे टोकाचा भाग लहान आणि आतला मोठा असेल, तर क्लच त्या पायरीपाशी थांबणे हेच बरोबर असते, आणि मग तो अडकला असे म्हणता येणार नाही. पायरीला टेकल्यावर हबची पूर्ण लांबी शाफ्टवर येते का, तेवढे पाहावे.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. ‘साडेसहा एचपी’ किंवा इंजिनावर कोरलेले ‘१६८ एफ’ यावरून शाफ्टचे माप कळत नाही. १६८ मधला १ म्हणजे एक सिलिंडर आणि ६८ म्हणजे सिलिंडरचा ६८ मिलिमीटर व्यास. शाफ्टबद्दल त्यात काहीच नाही. याच जातीची इंजिने पाऊण इंची, २० मिलिमीटरच्या, तर जनरेटरसाठी निमुळत्या शाफ्टसह येतात, आणि शंभर सीसीच्या आसपासच्या लहान इंजिनांना बहुधा ५/८ इंचाचा, म्हणजे १५.८८ मिलिमीटरचा शाफ्ट असतो. ज्यांचा शाफ्ट २० मिलिमीटरचा निघेल त्यांनी पाऊण इंची क्लच लेथवर मोठा करून घेण्याच्या फंदात पडू नये. सच्छिद्र बुश बोथट टूलने कापली की तिची छिद्रे लिंपली जातात, तेल झिरपणे थांबते आणि नवा क्लचही जुन्याच्या वाटेने जातो. उलट मोठ्या बोअरमध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळून लहान शाफ्ट बसवणे हा तर शुद्ध अविचार आहे.

आत्ता क्लच अर्ध्यावर घट्ट अडकून बसला असेल, तर स्क्रू ड्रायव्हर इंजिनच्या कव्हरला टेकवून उचकटू नये. गंज सैल करणारे तेल सोडून रात्रभर ठेवावे आणि दोन पायांचा पुलर ड्रमला नव्हे, तर हबला धरून लावावा. पुलरच्या टोकाने शाफ्टमधले आटे बिघडू नयेत म्हणून तेथे आधी एक बोल्ट फिरवून ठेवावा.

या बोल्टबद्दल थोडे सांगणे गरजेचे आहे. पाऊण इंची शाफ्टच्या टोकाला सहसा ५/१६ इंचाचे, इंचाला २४ आटे असलेले बारीक आटे असतात. दुकानात अडीच सुती बोल्ट मागितला तर बहुधा इंचाला १८ आट्यांचा जाड आट्यांचा बोल्ट मिळतो, आणि आठ मिलिमीटरचा मागितला तर १.२५ पिचचा. दोन्ही एक-दोन फेरे आत जातात आणि मग जड होतात. तेथे पान्याने जोर लावला की शाफ्टमधले आटे गेले. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

क्लच बसल्यावर बोल्ट आणि जाड वॉशर आवळून ड्रम हाताने फिरवून पाहावा. शाफ्ट स्थिर असताना ड्रम मोकळा फिरला पाहिजे आणि त्याला किंचित आडवा खेळ असला पाहिजे. वॉशर बुशवर दाबत असेल तर तो बदलावा. बुशला हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त तेल उडून शूजवर (ड्रमला आतून पकडणाऱ्या तुकड्यांवर) गेले की क्लच घसरू लागतो. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट सरळ पट्टी लावून एका रेषेत आणावे आणि चेनला साधारण अर्धा इंच ढील ठेवावी. मग मागचे चाक जमिनीपासून उचलून, चेनचे गार्ड बसवूनच इंजिन सुरू करावे. १४०० च्या आसपासच्या आयडल आरपीएमला चाक स्थिर राहायला हवे. असे क्लच साधारणपणे १८०० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान पकडू लागतात, त्यामुळे आयडलला चाक फिरत असेल तर आधी कार्ब्युरेटरचा आयडल स्क्रू कमी करून पाहावा, आणि तरीही थांबले नाही तर बुशखाली चावी शिरली आहे का, ते पुन्हा तपासावे.

चावीशिवायच्या चाचणीचा निकाल, शाफ्टची तीन ठिकाणची मापे आणि क्लचच्या दोन्ही तोंडांचे फोटो येथे टाकल्यास पुढचे नेमके सांगता येईल.