सर्व्हो किती किलोचा घ्यायचा?

प्रश्न : नमस्कार सर. पॉइंट २५ चं (०.२५ घनइंची) जुनं ग्लो इंजिन, म्हणजे इंधनावर चालणारं छोटं इंजिन, हाताला लागलंय, त्यावर बाल्साच्या हलक्या लाकडाचा हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, रिमोटचं शिकाऊ विमान) बांधतोय, वजन सव्वा किलोच्या आसपास जाईल. दुकानदार म्हणतो निळे ९ ग्रॅमवाले चार सर्व्हो (रिमोटच्या हुकमाने विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) घ्या, १.८ किलोचा, म्हणजे किलो-सेंटीमीटरचा, टॉर्क (फिरवण्याची ताकद) आहे, भरपूर झाला. आमच्या मैदानावरचे एक काका म्हणतात इंजिन आहे ना, मग मेटल गिअरचे ५५ ग्रॅमवालेच टाक, परत बघायला नको. ऐकू कुणाचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांचंही नका ऐकू. आणि गंमत म्हणजे दुकानदाराचं गणित चुकलेलं नाहीये. तुमचा एलेव्हेटर (शेपटीवरचा, विमानाचं नाक वर-खाली करणारा भाग) धरा ४० सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद, विमान ताशी ८० किमीने चाललंय आणि तुम्ही २० अंश ओढलाय, तर ढोबळ हिशोबाने त्याला लागतो अर्धा किलो-सेंटीमीटरसुद्धा नाही इतका टॉर्क. वेग दुप्पट झाला की हे चौपट होतं हे खरं, पण ट्रेनर काही ताशी १६० ने नाही उडवायचा. म्हणजे कागदावर १.८ पुरेसा आहे. मग तोच सर्व्हो फोमच्या इलेक्ट्रिक विमानात दोन-दोन वर्षं टिकतो आणि ग्लो इंजिनच्या मागे बसवला की पंधरा-वीस फ्लाइटमध्ये का वेडा होतो?

कारण थरथर. पॉइंट २५ म्हणजे जेमतेम ४ सीसी, पण एकच सिलिंडर, पूर्ण बॅलन्स होणं शक्यच नाही, आणि १२ हजार आरपीएमला तो सेकंदाला २०० वेळा हादरतो. दहा मिनिटांची एक फ्लाइट म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास हादरे झाले की! सर्व्होच्या पोटात एक छोटा पॉट (फिरता रेझिस्टर) असतो, आर्म (सर्व्होचा बाहेरचा फिरणारा दांडा) कुठे आहे हे तोच सर्किटला सांगतो, आणि विमान सरळ उडतं तेव्हा त्याचा काटा बहुतेक वेळ मध्यावरच उभा असतो, मग थरथरीने त्या एकाच जागी घासून घासून पट्टा झिजतो. सर्व्हो बाकी सगळीकडे ठणठणीत आणि नेमका मध्यावर थरकतो. जमिनीवर इंजिन बंद ठेवून चेक केलं तर कधीकधी काही कळतही नाही.

माझं पहिलं इंजिनवालं विमान असंच गेलं. ९ ग्रॅमचे सर्व्हो, मी हुशारी करून ट्रेला (सर्व्हो बसवायच्या फळीला) थेट हॉट ग्लूने चिकटवलेले, अठराव्या की एकोणिसाव्या फ्लाइटला एलेव्हेटर आपणहून मान डोलवायला लागला आणि विमान उसात. उभ्या उसात विमान शोधणं काय असतं ते सांगलीकराला मी काय सांगणार, पाचट टोचून हात लाल झाले, इंजिन संध्याकाळी सापडलं आणि शेपूट दुसऱ्या दिवशी.

आता काकांचं. ५५ ग्रॅमचे चार म्हणजे २२० ग्रॅम, तिथे १७ ग्रॅमचे चार घेतले तर ६८. सव्वा किलोच्या विमानात दीडशे ग्रॅम उगाच वाहायचे, म्हणजे लँडिंगचा वेग वाढणार, आणि नवशिक्याचं विमान मोडतं ते लँडिंगलाच. शिवाय स्वस्त मेटल गिअर म्हणजे अमरपट्टा नाही. आपटल्यावर दात तुटत नाहीत हे कबूल, पण सततच्या थरथरीने पितळेचे दात एकमेकांवर घासून प्ले येतो, आर्म हाताने हलवला तर टिकटिक हलतो, आणि प्ले आलेला कंट्रोल सरफेस (एलेव्हेटरसारखा हलणारा भाग) वेगात फडफडायला लागला तर पुढचं बोलायलाच नको. नायलॉनचे गिअर थरथर थोडी पिऊन टाकतात, आपटले तर तुटतात, मग गिअर सेट बदलायचा.

माझं मत विचाराल तर १६-१७ ग्रॅमच्या वर्गातला, नायलॉन गिअरचा, नावाजलेल्या कंपनीचा सर्व्हो. हायटेकचा एचएस-८१ घ्या उदाहरणाला, १६.६ ग्रॅम, ४.८ व्होल्टला २.६ किलो. जागा असेल आणि वजनाचं फार टेन्शन नसेल तर फुटाबाचा एस३००३ सारखा स्टँडर्ड साइज, ३७ ग्रॅम, ३.२ किलो, जुना आहे, स्लो आहे, पण ट्रेनरला स्पीड लागतो कुठे. पैसे कमी पडत असतील तर चांगले दोन एलेव्हेटर आणि एलेरॉनला (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांना) टाका, रडरला (शेपटीच्या उभ्या पट्टीला) त्यातल्या त्यात बरा, आणि थ्रॉटलला घरात पडलेला कुठलाही चालू सर्व्हो.

पण खरं सांगू का, कुठला घेतला यापेक्षा बसवला कसा यावर जास्त आहे. पाकिटात रबरी ग्रोमेट (रबराच्या गोल चकत्या) आणि पितळी आयलेट (त्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) येतात ना, ते अर्धे लोक फेकून देतात!! (९ ग्रॅमवाल्यात ते येतच नाहीत, माझा त्याच्यावरचा मुख्य राग हाच.) ग्रोमेट सर्व्होच्या कानात (स्क्रूच्या भोकांत), आयलेट खालून घालायचं, त्याची चपटी कड लाकडाकडे. स्क्रू आयलेटला टेकला की थांबायचं, रबर पिचकेपर्यंत आवळला तर रबर असून नसून सारखंच. सर्व्होची बॉडी ट्रेला कुठेही टेकता कामा नये, चारी बाजूंनी मिलीमीटरभर फट पाहिजे. ट्रे प्लायचा, बाल्साचा नको, इंजिनचं तेल झिरपत झिरपत आत येतं आणि लाकूड मऊ पडतं. स्क्रू एकदा पिळून काढा, भोकात फेविक्विकचा थेंब सोडा, सुकला की परत पिळा, मग तो आटा सहजासहजी सुटत नाही.

लिंकेज (सर्व्हो आणि एलेव्हेटर जोडणारी तार) करताना सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक आणि हॉर्नवर (एलेव्हेटरवरच्या खुंटीवर) बाहेरचं. आर्मवर १० मिमी, हॉर्नवर १५ मिमी घेतलं तर ताकद दीडपट मिळते, सर्व्होचा प्ले तेवढाच कमी दिसतो, आणि सर्व्हो ४५ अंश फिरला तरी एलेव्हेटरला २८ अंश मिळतात, ट्रेनरला उलट जास्तच होतात. लोक उलटं करतात, बाहेरचं भोक घेतात आणि मग रिमोटमधून ट्रॅव्हल (सर्व्होचं फिरणं) निम्मा करतात. म्हणजे पैसे दिले पूर्ण सर्व्होचे आणि वापरला अर्धा.

हां, आणि प्रोपेलर बॅलन्स करा आधी. १० मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : सर, इंजिन आयडलला आणलं की थ्रॉटलचा सर्व्हो गुणगुणतो, आणि ४.८ व्होल्टचा बॅटरी पॅक तिसऱ्या फ्लाइटला बसतो. २ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) डायरेक्ट लावली तर चालेल का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अरे नको नको. २ सेल लायपो फुल चार्ज म्हणजे ८.४ व्होल्ट, तुझे सर्व्हो ६ व्होल्टचे असतील तर धूर निघेल. तुझा प्रॉब्लेम बॅटरीचा नाहीच बहुतेक. कार्बोरेटरचा बॅरल (हवा कमी-जास्त करणारा फिरता भाग) टोकाला जाऊन अडलाय आणि सर्व्हो अजून ढकलतोय, तो गुणगुणणारा आवाज त्याचाच, आणि तो अडून राहिला की करंट पितच राहतो. रिमोटमध्ये थ्रॉटलचा एंड पॉइंट (सर्व्हो कुठवर फिरणार ती मर्यादा) कमी कर, आवाज थांबेपर्यंत, फुल थ्रॉटलच्या टोकालाही तेच बघ. क्लेव्हिस (तारेच्या टोकाची चिमटी) धातूची असेल तर तिथे नायलॉनची टाक, धातूवर धातू घासून लिव्हरचं भोक मोठं होतं. एवढं करूनही पॅक बसला तर सेल म्हातारे झालेत, नवा निकेल मेटल हायड्राइडचा पॅक घे.

प्रश्न : एका ओळखीच्यांकडून जुने सहा सर्व्हो मिळतायत. घेण्याआधी काय बघू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर्व्हो टेस्टर घेऊन जा, स्वस्तात मिळतो. आधी बंद असताना आर्म बोटाने सावकाश फिरवा, मध्ये कुठे अडकला तर दात गेलाय. मग टेस्टरवर अगदी हळू मध्याच्या आजूबाजूला फिरवा, पूर्ण टोकापासून टोकापर्यंत फिरवून काही कळत नाही. मध्यावर थरकला की तो इंजिनवाल्या विमानातून काढलेला आहे असं समजा आणि थ्रॉटललासुद्धा घेऊ नका.